नागपूरला उतरलेली बॅग

गाडी रायपूरच्या फलाटाला लागली तेव्हा माझी बॅग राकेशच्या हातात होती, आणि ती तो माझ्याकडे देत नव्हता.

"अजून विचार करा बाबा," तो म्हणाला. "सत्र संपलं की मी स्वतः नेतो तुम्हाला. फ्लाइटनं जाऊ."

राकेश माझा मुलगा. नव्या रायपुरात, मंत्रालयात आहे. विधानसभेचं सत्र चालू असलं की याला आंघोळीपुरतीसुद्धा रजा मिळत नाही, असं अपर्णा म्हणते. अपर्णा माझी सून. पुण्याचं तिकीट तिनंच काढलं होतं, आणि नवऱ्याला ते काढून झाल्यावर सांगितलं होतं.

"सत्र संपेपर्यंत बाई पालथी पडलेली असेल," मी म्हणालो.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, कलावती. भाऊजी देहूरोडच्या कारखान्यात होते, ते गेल्यावरही ती तिथंच राहिली. आता मुलगी माया तिच्याजवळ असते. बाईच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटला आहे. सोमवारी दुपारी ऑपरेशन, आणि त्यानंतर बरेच दिवस तिनं मान खाली घालून, पालथं पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर बघायचं नाही, उताणं निजायचं नाही. ऐंशीच्या पुढची बाई. तिनं मला फोन केला तो रडायला नव्हे.

"दयाराम, मले मरायचं भेव नाही लागत," ती म्हणाली, "बोर व्हायचं भेव लागते. तू ये अन् वाचून दाखव. अन् मले दवाखान्यात न्यायच्या आधी ये. मंग मले फरशीबिगर काही दिसणार नाही. एकदा तुले पाहून घेतो."

भंडाऱ्याला, लहानपणी, ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि मी पाटावर बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. पोथीपुराण नव्हे. तिला खून लागायचे. बंद खोलीत सापडलेलं प्रेत, गायब झालेला हार, काळा चष्मा लावलेला इसम. अजूनही तिला तेच लागतं. ऐंशीच्या बाईला वाचून दाखवायला जातो म्हटल्यावर लोक आदरानं मान हलवतात, आणि मी त्यांना पुस्तकाचं नाव सांगत नाही. ते पुस्तक माझ्या काखेत होतं. आणखी तीन बॅगेत होती.

एकट्यानं प्रवास करण्याची माझी लायकी आहे का, हा प्रश्न राकेशच्या आधी मीच स्वतःला विचारला होता, आणि उत्तर फारसं चांगलं आलं नव्हतं. सिंचन खात्यात मी आयुष्यभर बाबू होतो. बायको, मीरा, असेपर्यंत गाडीत सगळं बोलणं ती करायची. पाणी कुठं मिळेल, चादर का दिली नाही, आमची जागा सोडा. मी खिडकीशी बसून वाचायचो. नाही म्हणायचं काम आमच्या घरात तिच्याकडे होतं, जसं बिलं भरायचं माझ्याकडे. ती गेल्यावर बिलं भरली जात राहिली. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात होतो तोवर निदान वाचनालय, न्हावी, भाजी सगळं पायी होतं. राकेशनं मला नव्या रायपुरात नेल्यापासून तेही गेलं. तिथं रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडं जायलाही कुणीतरी गाडीनं न्यावं असं वाटतं. एकदा मी धीर करून बसमध्ये चढलो, ती भलतीकडेच गेली, आणि एका इमारतीच्या चौकीदारानं मला घरी आणून सोडलं. ती गोष्ट राकेश विसरलेला नाही. मीही नाही.

तरी जायचं होतं. बाईनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

डब्यात चढल्यावर राकेशनं सगळ्यांचे बाप करतात तेच केलं; म्हणजे, म्हाताऱ्या बापाचे मुलगे करतात ते. सोबत शोधली. आमच्याच कप्प्यात एक जोडपं बसलं होतं. "पुणे तक?" त्यानं विचारलं. ते पुण्यापर्यंतच जात होते, मुलाकडे. शालिग्राम साहू, महासमुंदचे, साठीचे, अंगानं भरलेले, मांडीवर डबा. "हव भैया," ते राकेशला म्हणाले, "बिलकुल चिंता मत करो. हमारे भी बाबूजी हैं समझो." दोघांनी माझ्या डोक्यावरून फोन नंबर घेतले-दिले. मग राकेशनं बॅग बर्थखाली सरकवली, तिच्यावर पाय ठेवून थोडा वेळ उभा राहिला, आणि गाडी हलायच्या बेताला माझ्या पाया पडून उतरला. खिडकीतून त्याचा चेहरा दिसला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की भीती त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे.

दुर्ग गेलं. साहूजींनी डबा उघडला, मला बेसनाची ठेठरी दिली, माझा पगार, पेन्शन, गुडघे आणि सुनेचा स्वभाव विचारून घेतला. साहूबाई मधूनमधून "अब रहने दो ना" म्हणत होत्या. मग साहूजींनी पाय चोळले.

"बाबूजी, एक बात बोलूं? आपका नीचे वाला है ना. हमको मिडल और ऊपर का मिला है. अब आप तो अपने ही हो गए."

त्यांना पुढं काही म्हणायची गरज नव्हती. माझा मुलगा मला त्यांच्या पदरात घालून गेला होता. ज्याच्या पदरात पडलो त्याला बर्थ कसा नाकारणार? माझ्या गुडघ्यांना वरचा बर्थ म्हणजे डोंगरगडच्या देवीच्या पायऱ्या. मी "हव, हव" म्हणालो. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी दोनदा म्हणालो. साहूजींनी लगेच चादर पसरली, आडवे झाले, आणि मी कोपऱ्यात त्यांच्या पावलांशी उरलो.

थोड्या वेळानं ती पावलं आणखी लांब झाली. मी पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन उठलो. डब्याच्या दुसऱ्या टोकाला, बाजूची एक जागा रिकामी होती. तिथं जाऊन बसलो.

बाईला वाचून दाखवायच्या आधी मी प्रत्येक प्रकरण एकदा ओठातल्या ओठात वाचून ठेवतो. अडखळलो की ती म्हणते, "खुन्यापेक्षा तूच जास्त घाबरून राहिला." म्हणून तालीम करत होतो. डोंगरगडला मान वर केली, टेकडीवरचा बुद्ध दिसला, मीरा इथं हात जोडायची म्हणून मीही जोडले, आणि पुन्हा पुस्तकात गेलो. एका सावकाराच्या घरात घड्याळ उलटं चालत होतं आणि ते का, हे मला समजत नव्हतं. गोंदिया कधी आलं आणि गेलं, मला आठवत नाही. चहावाला आला असेल. फोन वाजला नाही, कारण तो बॅगेत होता आणि त्याचा आवाज मी बंद केला होता. चारचौघांत माझ्या अंगावरचं काहीतरी वाजू लागलं की मला फार संकोच होतो.

भंडारा रोड मागं पडल्यावर डोळे दुखले म्हणून उठलो आणि आपल्या जागेकडे आलो. साहूजी बर्थवर उठून बसलेले होते, चेहरा उतरलेला, हातात फोन.

"कहां थे आप?" ते म्हणाले. "हम तो समझे आप गोंदिया में उतर गए और गाड़ी छूट गई. लड़के को भी फोन कर दिया."

"उधर बैठा था. किताब पढ़ रहा था."

"किताब," साहूजी बायकोकडे बघून म्हणाले. "सुन रही हो? किताब."

मी बॅगेतून फोन काढला. राकेशचे इतके फोन येऊन गेले होते की पडद्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. मी लावला.

"बाबा, कुठं आहात?"

"गाडीत."

मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. आता ऐका. नागपूरला विशाल येऊन राहिला स्टेशनवर. त्याच्यासोबत उतरायचं. सकाळी तो तुम्हाला रायपूरच्या गाडीत बसवून देईल. मी सांगितलं त्याला."

"मी गाडीतच होतो राकेश."

"होते ना. पण कुणाला माहीत नव्हतं."

तो चूक बोलत नव्हता. फोन बंद झाल्यावर मी तो बॅगेत ठेवला आणि कामठी येईपर्यंत विचार करत राहिलो. माणूस डब्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला आणि चार घरांत घबराट झाली. उद्या पुण्याच्या फलाटावर काय करीन? कदाचित उतरणंच बरं. बाईला माया वाचून दाखवेल. मायाची शाळा हिंदीतली, तिला मराठी नीट वाचता येत नाही, पण इंटरनेटवर ऐकवता येतं म्हणे. मी स्वतःला असं पटवत आणत होतो, आणि एकीकडे बाई मला दिसत होती, जमिनीकडे तोंड करून पडलेली, दाराशी कुणाची पावलं आली हे चपलांवरून ओळखणारी.

नागपूर आलं. विशाल डब्यात शिरला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ आता नाही. विशालचं गाड्यांच्या शोरूममध्ये चांगलं चाललं आहे, आणि हा पोट्टा बोलायला लागला की समोरच्याला गाडी घ्यावीच लागत असणार.

"चला मोठेबाबा. मम्मीनं वांग्याची भाजी करून ठेवली. मस्त जेवा, झोपा."

"मी नाही उतरत, विशाल."

हे माझ्या तोंडून गेलं, पण आवाज इतका बारीक होता की त्यानं ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं असावं.

"काहून जिद करून राहिले? राकेशदादाचं बीपी वाढलं तिकडं. पुण्याले जायचं ना? मी नेतो तुम्हाला. दिवाळीत. कारनं."

"दिवाळीत बाईचा डोळा बरा झालेला असेल."

"मग तर चांगलंच आहे ना. तवा आत्याबाई तुम्हाले नीट पाहीन."

साहूबाई हसल्या. मला उभं राहायचं नव्हतं, पण मी उभा होतो. कुणी "चला" म्हटलं की माझे पाय मला विचारत नाहीत. विशालनं ते पाहिलं. तो खाली वाकला, बर्थखालून माझी बॅग ओढली, खांद्याला अडकवली आणि दाराकडे चालू लागला.

आमच्याकडे पाहुण्याला थांबवायची ही जुनी रीत आहे. पाहुणा "येतो" म्हणाला की हात धरत नाहीत. त्याची पिशवी उचलून कोठीत, धान्याच्या कणगीमागं ठेवून देतात. पाहुणा खोटंखोटं रागावतो, घर शोधतो, तोवर शेवटची बस निघून जाते आणि पुन्हा तांदूळ वैरले जातात. या कामात भंडाऱ्याला बाईचा हात कुणी धरत नसे. मीही असा कितीतरी घरांतून थांबलो आहे. सामान गेलं की माणूस सामानामागं जातो, हे आमच्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. विशालनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी त्याच्यामागं दोन पावलं गेलो.

"सामान गया," साहूजी मागून म्हणाले. "अब तो बाबूजी को जाना ही पड़ेगा."

त्या बॅगेत काय काय आहे, ते मी उभ्या उभ्या आठवलं. चार सदरे. धोतरं. दाढीचं सामान. तीन पुस्तकं, फोन, चिवडा. मग माझ्याजवळ काय आहे ते चाचपलं. नाकावर चष्मा होता. खिशात तिकीट, आधार कार्ड आणि रक्तदाबाच्या गोळ्या. गोळ्या सामानात नाही, अंगावर ठेवायच्या, हा मीरेचा नियम. काखेत पुस्तक. बाईला सदरे नको होते. दाढी केलेला दयाराम हवा, असंही ती म्हणाली नव्हती.

मी परत आलो आणि खिडकीशी बसलो. साहूजींची चादर थोडी सरकवावी लागली. ती मी सरकवली.

विशाल फलाटावर, माझ्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. मी आत बसलेला पाहून त्याला आधी समजलंच नाही. त्यानं बॅग वर उचलून दाखवली. तिच्यावर थाप मारली. हातानं खूण केली, या. काच बंद असल्यामुळं तो काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, आणि मी काय बोलतो ते त्याला ऐकू जाणार नव्हतं. माझ्यासारख्या माणसाची याहून चांगली सोय होणं शक्य नाही. आयुष्यात मला जितक्यांना नाही म्हणायचं होतं त्या सगळ्यांच्या आणि माझ्या मध्ये अशी एक काच असती तर. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, नाही अशी, पुरेशी मोठी. मग पुस्तक उघडलं.

वाचत होतो असं म्हणणार नाही. अक्षरं दिसत होती. काचेवर बोटांचा आवाज आला, मी ओळीवरून बोट उचललं नाही. गाडी हलली. विशाल बरोबरीनं चालू लागला, मग पळू लागला, मग दाराकडे पळाला, पण तोवर डबा त्याच्या पुढं गेला होता. वाकून मागं पाहिलं तेव्हा तो फलाटावर उभा होता आणि बॅग त्याच्या पायाशी होती. थांबलेल्या पाहुण्यासारखी.

"बाबूजी," साहूबाई म्हणाल्या, "आपका सामान."

"हव," मी म्हणालो. एकदाच.

साहूजींचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि माझ्या हातात दिला.

"बाबा," राकेश म्हणाला, "बॅगेत तुमच्या गोळ्या आहेत."

"गोळ्या खिशात आहेत."

"कपडे?"

"मायाच्या नवऱ्याचे घालीन."

"तो तुमच्याहून दुप्पट आहे."

"मग एक पुरेल."

"आणि तुमचा फोन? तुम्हाला फोन कुठं करू मी?"

"साहूजींना कर. तसाही तू त्यांनाच करत होतास."

हे बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. मागं अपर्णाचा आवाज येत होता. ती हसत होती की त्याला समजावत होती, कळलं नाही. राकेशचं काय चुकलं होतं? त्याची आई एका सकाळी भाजी आणायला म्हणून गेली आणि दवाखान्यातून फोन आला. तेव्हापासून त्याला घरचं माणूस दिसलं नाही की दुसरं काही सुचत नाही. मला हे माहीत आहे. मला हे माहीत असूनच मी इतकी वर्षं कुठं गेलो नाही.

"राकेश," मी म्हणालो, "मी तुला न सांगता जागा सोडली. आता सोडणार नाही. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर यांच्या फोनवरून तुला कळवीन. पण मी पुण्याला चाललोय."

तो मग म्हणाला, "वर्ध्याला करा."

"करतो. आणि विशालला सांग, बॅगेत चिवडा आहे. खाऊन टाक म्हणावं."

वर्ध्याला केला. बडनेऱ्याला केला. अकोल्याला राकेशच म्हणाला, "बाबा, आता झोपा, साहूजींनाही झोपू द्या."

झोपण्यावरून एक गोष्ट राहिली होती. साहूजी मधला बर्थ लावून, खालच्यावर उशी ठोकत होते. नागपूरच्या मानानं ही बाब लहान होती, पण इथं मध्ये काच नव्हती. मी घसा साफ केला. पुन्हा केला. साहूबाईंनी मला पाणी दिलं.

"साहूजी, नीचे वाला मेरा है. मुझसे चढ़ना नहीं होता."

"पर आपने तो हव कहा था बाबूजी."

"कहा था. गलत कहा था."

साहूजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नागपूरला बॅग सोडून दिलेल्या माणसाशी वाद घालावा की नाही, याचा ते हिशेब करत असावेत. मग त्यांनी उशी उचलली. "ये बाबूजी तो सीधे दिखते भर हैं," ते मधल्या बर्थवर चढताना बायकोला म्हणाले. "लड़का बोला था ध्यान रखना. मैं तो अब अपना सामान बांध के सोऊंगा."

वरच्या बर्थवरून साहूबाई खूप वेळ हसत राहिल्या. चढताना त्यांना त्रास झाला नव्हता. त्या माझ्यापुढं सरसर वर गेल्या होत्या. नंतर त्यांनी वरून विचारलं, "बाबूजी, किताब में क्या है? रामायण?" मी खरं सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तो जोर से पढ़ो ना." मी हिंदी करून, अडखळत, एक प्रकरण वाचलं. मधल्या बर्थवरून साहूजी म्हणाले, नोकरानं मारलं असणार. तेवढ्यावर दिवा बंद केला.

पुण्याला माया फलाटावर होती. राकेशनं तिला डबा, जागा, सदऱ्याचा रंग, सगळं कळवलं होतं. साहूजींनी मला तिच्या ताब्यात दिलं, जसं घेतलं होतं तसंच, आणि राकेशला फोन करून सांगितलं, "भैया, पहुंचा दिया." मी ते दुरुस्त केलं नाही.

देहूरोडला बाई तयार होऊन बसली होती. धुवट पातळ, केस विंचरलेले, दवाखान्याची पिशवी मांडीवर. निघायला अवकाश होता. मी आत गेलो तशी तिनं डोकं थोडं वाकडं केलं, चांगल्या डोळ्याची बाजू माझ्याकडे केली, आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. खूप वेळ घेतला. मी हललो नाही.

"म्हातारा झाला तू," ती म्हणाली. मग माझ्या मागं दाराकडे पाहिलं. "सामान कुठं हाय?"

"नागपूरला."

"अन् पुस्तक?"

मी काखेतून काढून दाखवलं. एकच होतं. बाकीची विशालकडे राहिली म्हणून सांगितलं. एवढ्या दिवसांत हे पुरवून पुरवून वाचावं लागेल, रोज थोडंथोडं.

"तू वाचून घेतलं असशील पुढचं. मले खुनी सांगू नको."

"नाही सांगत."

तिनं दवाखान्याची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा एकदा माझे दोन्ही रिकामे हात पाहिले.

"अरे दयाराम," ती म्हणाली, "तू जातो म्हणशील तेव्हा मी लपवू काय?"

मग तिनं पायानं पाट माझ्याकडे सरकवला, आणि गाडी दाराशी येईपर्यंत मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.